शब्दचर्चा : ‘आर्तिश्ता’ म्हणजे कलाकार?

प्रश्न : पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या एका हंगेरियन मूकपटाच्या जाहिरातीत ‘आर्तिश्ता-द्रामा, ४ फेल्वोनाश’ अशी ओळ आहे. ‘कलाकाराच्या जीवनावरचे चार अंकी मूकनाट्य’ असं मराठी चालेल का?

उत्तर : नाही, तीन ठिकाणी घसरतंय.

‘आर्तिश्ता’ दिसायला ओळखीचा शब्द, आणि तिथंच फसगत होते. हंगेरियनमध्ये तो सर्कस किंवा व्हरायटी थिएटरातल्या (गाणी, नाच, कसरती अशा मिश्र कार्यक्रमातल्या) माणसाला लावतात : झुल्यावरचा, तारेवरचा, चेंडू झेलणारा. चित्रकार-गायकाला ‘म्यूवेस’, नटाला ‘सीनेस’. म्हणून इथं ‘कसरतपटू’ किंवा ‘सर्कशीतला कलावंत’. नायिका असेल तर ‘कलावंतीण’ मात्र नको. त्या शब्दामागे बैठकीचं सगळं जग उभं राहतं.

‘मूकनाट्य’ म्हटलं की मराठी वाचकाला माइम आठवतो. ‘द्रामा’ हा इथं चित्रपटाचा प्रकार आहे, विनोदी नव्हे एवढाच अर्थ. ‘गंभीर मूकपट’ पुरे.

‘फेल्वोनाश’ म्हणजे शब्दशः ‘वर ओढणं’, अर्थात पडदा. नाटकात त्याचा अर्थ अंक हाच, पण चित्रपटाच्या जाहिरातीत ते ढोबळमानाने रीळ. ३०० मीटरच्या रिळात ३५ मिलिमीटर फिल्मच्या साधारण १५,७५० चौकटी (फ्रेम) बसतात. सेकंदाला १६ चौकटींनी चालवलं तर सोळा मिनिटांच्या वर, २० नी चालवलं तर तेरा मिनिटं. तेव्हा चार फेल्वोनाश म्हणजे साधारण तासभराचा ऐवज. ‘चार अंकी’ वाचून लोक तीन तासांच्या संगीत नाटकाची तयारी करतील!

दुसरं मत : ‘अंक’ अगदीच टाकाऊ नाही. एकच प्रोजेक्टर असलेल्या थिएटरात रीळ बदलताना खंड पडायचाच, म्हणून कथाही त्या बेताने तोडायचे. तरी ‘चार रिळांचा’ जास्त नेमकं, हे मान्य.

पुरवणी : जाहिरातीपेक्षा खरी गोची पडद्यावरच्या मजकूरपाट्यांची, म्हणजे मूकपटात संवाद-निवेदन लिहून दाखवणाऱ्या पाट्यांची. हंगेरियनमध्ये व्याकरणातलं लिंगच नाही. ‘ओ’ म्हणजे तो आणि तीही. क्रियापदातूनही कळत नाही : ‘एल्मेन्त’ म्हणजे ‘निघून गेला’ किंवा ‘निघून गेली’. नुसता पाट्यांचा कागद हातात घेऊन भाषांतर केलं की मराठीत हमखास चूक होते, कारण आपल्याला गेला-गेली ठरवल्याशिवाय वाक्यच पुरं करता येत नाही. पाटीच्या आधीचं आणि नंतरचं दृश्य बघूनच लिंग ठरवावं. ‘सीनेस’ला ‘नो’ (स्त्री) जोडून नटी होते, तेवढाच काय तो आधार.

संबोधनं मात्र सोपी जातात. हंगेरियन ‘ते’ला मराठी तू. ‘मगा’ आणि ‘ओन’ या आदरार्थी शब्दांना प्रसंग पाहून तुम्ही किंवा आपण. व्यवस्थापक नटीशी ‘मगा’वरून ‘ते’वर उतरला, की तिथं काहीतरी शिजतंय. मराठीत ती पायरी सरसकट ‘तू’ करून पुसू नये.

नावांबद्दल : हंगेरियनमध्ये आडनाव आधी येतं. हॉलिवूडमध्ये मायकेल कर्टिझ झालेला दिग्दर्शक हंगेरीत केर्तेस मिहाय या नावाने काम करायचा. यात केर्तेस आडनाव. रोमन लिपीतल्या नुसत्या ‘एस’चा उच्चार ‘श’ होतो, ‘एस-झेड’ जोडीचा ‘स’. म्हणून आर्तिश्ता, पण सीनेस. याच दिग्दर्शकाने १९१४ साली कोलोझ्वारला (आजचं रोमानियातलं क्लूज) ‘अ तोलोन्त्स’ चित्रित केला. त्यात राष्ट्रीय नाट्यगृहाची थोर शोकनटी यासई मारी आहे.

उपप्रश्न : ‘तोलोन्त्स’ला ‘तडीपार’ चालेल?

उत्तर : जवळचा आहे, पण दिशा उलटी. तडीपाराला हद्दीबाहेर काढतात, पुढे कुठं जायचं ते तो बघतो. तोलोन्त्सला पोलीस पहाऱ्यात त्याच्या मूळ गावी नेऊन सोडत. शीर्षक म्हणून ‘तडीपार’ खपेल, पण पाटीत ‘पहाऱ्यात गावी धाडलेला’ (किंवा ‘धाडलेली’) असं फोडून लिहावं.