वॉर्डातली पेनं जातात कुठे? आणि लाल पेन कसं टिकवायचं?

नाईटवाली_सिस्टर (सांगली)

नमस्कार मंडळी. प्रश्न ऐकून हसाल, पण मी खरंच वैतागून विचारतेय. मी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये मेल सर्जिकलला, म्हणजे पुरुषांच्या ऑपरेशनच्या वॉर्डात, स्टाफ नर्स आहे. ड्यूटीवर येताना खिशात दोन निळी आणि एक लाल पेन असतं. घरी जाताना नुसती कात्री उरते. तीही नेलपॉलिशची खूण केलीय म्हणून.

पेन दहा रुपयांचं, मान्य. पण रात्री साडेतीनला ऑपरेशन झालेल्या पेशंटचं बीपी बघितलं, युरोबॅगमधली लघवी मोजली आणि खिशात हात घातला तर पेन नाही. मग आकडे घोकत काउंटरपर्यंत चालायचं: एकशे दहा सत्तर, अडीचशे, एकशे दहा सत्तर, अडीचशे. तेवढ्यात पाच नंबरचा नातेवाईक आडवा येतो, "सिस्टर, सलाइन संपत आलंय." गेले आकडे! परत कफ बांधा. आमच्या इन्चार्ज सिस्टरचं एकच म्हणणं, लिहिलं नाही म्हणजे केलं नाही.

त्यात आमच्याकडे रात्रीच्या नोंदी लाल शाईत करायच्या. अ‍ॅलर्जीसुद्धा लालमध्येच. त्यामुळे लाल पेन लागतं सगळ्यांना आणि बाळगत कुणीच नाही.

कोण नेतं ते मी बघून ठेवलंय. नातेवाईकांवर उगाच आळ येतो. कन्सेंटवर सही करून म्हातारेकोतारे पेन दोन्ही हातांनी परत देतात. पेन जातं ते डॉक्टरांच्या राउंडला. "सिस्टर, पेन." ऑर्डर लिहून होते, नजर पुढच्या पेशंटवर असते आणि हात आपसूक अ‍ॅप्रनच्या खिशाकडे वळतो. ज्यांच्याकडे परत मागता येतं ते परत देतात. ज्यांच्याकडे मागायची सोय नाही, त्यांच्या खिशात आमची पेनं.

तर सांगा, महागाचं पेन घेतलं तर लोक जपून परत करतात का? जेल पेन चालेल का? गळ्यात दोरी बांधून कुणी वापरतं का?

माई_रिटायर्ड (पुणे)

अगं, आमच्या वेळी पांढरी साडी होती, खिसा कुठला! पेन अंबाड्यात खोचायचं. डोक्यातलं पेन उपसून न्यायची कुणाची छाती झाली नाही.

आता उपाय ऐक. खटक्याचं पेन घ्यायचंच नाही, टोपणाचं घ्यायचं. कुणी मागितलं की टोपण काढून आपल्या मुठीत ठेवायचं आणि नुसतं पेन द्यायचं. उघडं पेन कुणी खिशात घालत नाही, शाई लागेल म्हणून. बँकेतले कारकून वर्षानुवर्षं हेच करतात.

दोरी अजिबात नको. ड्रेसिंग करताना वाकलीस की पेन थेट ट्रेमध्ये लोंबेल. आणि झटापट करणारा पेशंट असला तर तीच दोरी धरून ओढेल तुला.

आर२_सर्जरी (मुंबई)

सिस्टर, आरोप मान्य, पण आम्हा रेसिडेंट डॉक्टरांचीही बाजू ऐका. माझ्याकडून सरांनी घेतलेली पेनं कुणाकडे मागू? राउंडला एका हातात फाइलींची चळत, दुसऱ्या हातात एक्स-रे. सर म्हणतात "पेन", मी देतो, सर सही करतात आणि लिफ्टमध्ये शिरतात. मग पुढच्या वॉर्डात मी म्हणतो, "सिस्टर, पेन."

आमचे सीनियर सांगतात, पूर्वी औषध कंपन्यांचे एमआर लोक टेबलावर मूठभर पेनं टाकून जायचे, त्यामुळे कुणाला काही वाटायचं नाही. २००९ मध्ये मेडिकल कौन्सिलने कंपन्यांच्या भेटवस्तू घ्यायला डॉक्टरांना मनाई केली. पेनं आटली, सवय तेवढी राहिली.

जेल पेन घेऊ नका. ओल्या हाताने कागद धरला की अक्षर पसरतं. शिवाय सामान मागवायच्या इंडेंट बुकात कार्बन असतो, जेलने त्यावर दाब पडत नाही आणि खालची प्रत कोरी राहते. साधं बॉलपेन बरं. फक्त त्यावर स्पिरिट सांडू देऊ नका, ती शाई स्पिरिटमध्ये विरघळते.

नाईटवाली_सिस्टर

म्हणूनच युनिफॉर्मच्या खिशावरचा बॉलपेनचा डाग मी धुण्याआधी स्पिरिटच्या बोळ्याने काढते. पेन गेलं तरी डाग राहतो ना!

आणि डॉक्टर, सरांना पेन द्यायचं असेल तर तुमचं द्या. माझं देऊन पुण्य कसलं मिळवता?

लाँड्रीतला_दादा

सगळाच दोष डॉक्टरांना देऊ नका. चादरी मोजून घेताना गाठोड्यातून काय काय निघतं ते या बघायला. पेनं, थर्मामीटर, आर्टरी फोर्सेप, एकदा तर कवळी निघाली. बेड करताना वरच्या खिशातलं पेन वाकल्यावर पडतं आणि चादरीत गुंडाळलं जातं. मशीनमध्ये गेलं की सगळ्या कपड्यांना निळे ठिपके, आणि बोलणी आम्ही खायची. खिसा कमरेला शिवून घ्या.

मेलबर्नची_नर्स

ताई, इथेही तेच गं. नोंदी बऱ्याचशा कॉम्प्युटरवर गेल्या, तरी ड्यूटी सोपवताना हँडओव्हरच्या कागदावर खरडायला पेन लागतंच, आणि तेच जातं.

तुझ्या महागाच्या पेनाबद्दल सांगते. इथल्या बर्नेट इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी ऑफिसातल्या चहाच्या चमच्यांचा अभ्यास केला होता. थट्टेतच, पण आकडेवारी खरी, २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलाय. ७० चमच्यांवर गुपचूप नंबर घातले. पाच महिन्यांत त्यातले ५६ गायब. सगळ्यांच्या चहाच्या खोलीतले अर्धे चमचे ४२ दिवसांत गेले, ठरावीक गटांच्या खोल्यांतले अर्धे जायला ७७ दिवस लागले. आणि तुझ्या कामाचा मुद्दा म्हणजे चमचा भारी असो की हलका, जायचा वेग तोच. तेव्हा महागाचं पेन घेऊन फक्त दुःख महाग होईल. काउंटरवर सगळ्यांसाठी म्हणून ठेवलेलं पेन तर सगळ्यात आधी जाणार, हे धरूनच चाल.

मी चार रंगांचं एकच जाड पेन वापरते. लाल त्यातच असतं. अडचण एवढीच, गेलं तर चारही रंग एकदम जातात.

माई_रिटायर्ड

मग त्याला मायक्रोपोरची चिकटपट्टी गुंडाळ आणि वर नाव लिही. सलाइनच्या कॅन्युलावर तारीख घालतेस ना, तशी.

नाईटवाली_सिस्टर

सगळ्यांचे आभार. माईंचं टोपण लागू पडलं. कालच्या राउंडला सरांनी लिहून झाल्यावर पेन खिशाशी नेलं आणि थबकले. "सिस्टर, टोपण?" म्हटलं, "माझ्याकडे आहे सर. द्या, लावते." दिलं की हो! इंटर्न गालात हसत होता, त्याचंही टोपण आता मीच ठेवते. एक तोटा आहे, एका हातात सिरिंज असली की टोपण उघडता येत नाही. चालायचंच. कमरेचा खिसा रविवारी शिवून घेणार आहे.

लाल पेन मात्र गेलं. ना सरांनी नेलं, ना लाँड्रीत गेलं. आमच्याच इव्हिनिंगच्या सिस्टरच्या हातात दिसलं. तिला म्हटलं, "अगं, हे माझं." तर म्हणते, "तुझं कसं? मागच्या आठवड्यात तू माझं नेलंस, तेच मी परत घेतलंय." खूण दोघींनीही केलेली नव्हती. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, भांडू नका, आणि ड्यूटी सोपवायच्या ओव्हरच्या वहीवर सही करायला म्हणून ते पेन घेऊन ऑफिसात गेल्या.