‘नॉट प्रोव्हाइडेड’ला मराठीत काय म्हणावं?

मांजराकाठ (लातूर)
शेतकरी कंपनीच्या संकेतस्थळाचा जुन्या वर्षांपासूनचा आढावा मराठीत लिहितोय. सोयाबीनचे भाव, बीजप्रक्रिया, पीकविमा असा मजकूर असतो. संकेतस्थळावर कोण कुठून आलं ते मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्समध्ये, लोक गूगलवर काय टाकून आपल्याकडे आले, त्या रकान्यात २०१३ नंतर जिथंतिथं ‘नॉट प्रोव्हाइडेड’. मी ‘माहिती उपलब्ध नाही’ लिहिलं, तर संचालक म्हणाले, “म्हणजे तुम्ही नोंदच ठेवली नाही?” नेमका शब्द सुचवा.

गोदातीर (नांदेड)
संचालकांचा आक्षेप रास्त आहे. माहिती आहे, पण आपल्याला दिलेली नाही. पूर्वी शोधलेले शब्द रेफररच्या, म्हणजे माणूस ज्या पानावरून आला त्या पानाच्या, पत्त्यातच चिकटून यायचे. ऑक्टोबर २०११ मध्ये गूगलनं लॉगिन केलेल्यांचा शोध एन्क्रिप्ट (वाटेत कुणाला वाचता येऊ नये असा सांकेतिक) करायचं जाहीर केलं, २०१३ मध्ये तेच सगळ्यांना लागू झालं आणि शब्द यायचे थांबले. ‘अप्रदत्त’ लिहा.

उदगीरकर
‘अप्रदत्त’ मोंढ्यात कुणाला कळणार, सर? आमचे आजोबा निजामाच्या काळात उर्दूतून शिकले. ते ‘नामालूम’ म्हणायचे.

गोदातीर
नामालूम म्हणजे ठाऊक नसलेलं. गूगलला तर ठाऊक आहे.

परळीची
मला हा बदल पटतो. आमच्याकडं ऊसतोडीला जाणारी बाई गर्भाशयाच्या पिशवीबद्दल काय शोधते, हे प्रत्येक संकेतस्थळाला कशाला कळावं? पण २०११ मध्ये जाहिरातीवर क्लिक झालं की जाहिरातदाराला ते शब्द मिळतच राहिले. ती सवलत मला खटकते. म्हणून शब्दात ‘गोपनीय’ आणू नका, त्यानं सगळंच सोज्वळ वाटतं.

मांजराकाठ
ताई, मुद्दा बरोबर. गूगल संकेतस्थळाच्या मालकाला जे सर्च कन्सोल देतं, त्यात शब्द दिसतात, पण मागच्या १६ महिन्यांपुरतेच. ते शोधून आलेल्या माणसानं पुढं काय वाचलं, तो धागा तिथं जुळत नाही. आणि अगदी मोजक्यांनीच शोधलेलं काही असेल तर, माणूस ओळखू येऊ नये म्हणून, तेही वगळतात. त्याला ‘निनावी शोध’ म्हणतोय. आता राहिला ॲनालिटिक्समधला रकाना.

जालना अडत
‘मोघम’ लिहा. वडिलांच्या खतावणीत देणाऱ्यानं तपशील न सांगितलेली रक्कम मोघमच पडायची. पैसे आले हे खरं, कशापायी ते सांगितलं नाही. इथंही माणूस आला हे खरं, काय शोधत आला ते सांगितलं नाही. शिवाय मूळ संस्कृत: मोघ. गीतेत ‘मोघाशा मोघकर्माणो’ आहेच.

उदगीरकर
गीतेतलं मोघ म्हणजे व्यर्थ, दादा. तपशील न देण्याशी त्याचा काय संबंध? हा शब्द अरबीतल्या ‘मुब्हम’वरून आलाय, अर्थ अस्पष्ट. उर्दूत आजही चालतो. मराठवाड्यात बसून तरी उर्दूचं देणं नाकारू नका.

जालना अडत
नाकारत नाही. रक्कम, तपशील, जमा हे सगळे तिकडचेच, रोज वापरतो. पण ‘ब’चा ‘घ’ कसा झाला ते सांगा.

गोदातीर
व्युत्पत्ती कुठलीही असो, मोघम म्हणजे ढोबळ, गुळमुळीत. ‘मोघम उत्तर’ म्हणतो ना आपण? इथं उत्तरच दिलेलं नाही.

परळीची
मग साधं ‘सांगितलेलं नाही’ का नको? प्रत्येक रकान्याला नामच पाहिजे असं कुठंय?

उदगीरकर
‘ब’चं राहू द्या, ‘ह’ कुठं गेला ते बघा. महाप्राण, म्हणजे ‘ह’चा तो श्वास, पुढं सरकला असेल. तुमच्या ‘मोघ’ला शेवटचा ‘म’ कुठून चिकटला, ते तुम्ही सांगा.