टीव्हीच्या आधीचे रेडिओ कार्यक्रम आता कसे ऐकावेत?

सदाशिवपेठी
आजीला आता टीव्ही बघवत नाही. म्हणून दोघांनी मिळून रेडिओचे जुने कार्यक्रम ऐकायचं ठरवलंय. 'पुन्हा प्रपंच'मधल्या टेकाडे भावजींबद्दल ती भरभरून बोलते. मला मात्र नुसतं ऐकायची सवय नाही, दहा मिनिटांत हात मोबाइलकडे जातो. सुरुवात कशापासून करू? आजोबांचा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) रेडिओ माळ्यावर आहे, तो लावून बघू का?

शनवारकर
गीतरामायणापासून करा, पण एका बैठकीत संपवू नका, ही कळकळीची विनंती. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, आपल्या पुणे केंद्रावरून पहिलं गीत लागलं आणि ५६ गीतं वर्षभर चालली. शुक्रवारी सकाळी पावणेनऊला नवं गीत, तेच पुन्हा शनिवारी आणि रविवारी. शुक्रवारी निसटलेली ओळ शनिवारी सापडायची, रविवारपर्यंत चाल ओठांवर यायची. गदिमा (माडगूळकर) लिहीत होते, बाबूजी (सुधीर फडके) चाली बांधत होते आणि अख्खं गाव पुढच्या शुक्रवारची वाट बघत होतं. तुम्हीही आठवड्याला एकच गीत घ्या.

आपल्या कानात बसलंय ते बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातलं. रेडिओवर मात्र माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक असे कितीतरी गळे होते. ते मूळ ध्वनिमुद्रण मिळालं तर तेच ऐका. सीतेचं दुःख बाईच्या गळ्यातून आलं की वेगळंच भिडतं.

'पुन्हा प्रपंच' मुंबई केंद्राचं. प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, बाळ कुडतरकरांचे भावजी. तीन आवाजांत अख्खं घर उभं राहायचं! मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि हाताला काम द्या. आजींबरोबर मटार सोला, वाती वळा. आमच्या घरी रिकाम्या हाताने रेडिओ कुणी ऐकलाच नाही.

रास्तापेठेतला
तो रेडिओ थेट प्लगला लावू नका! आतले कागदी कंडेन्सर इतक्या वर्षांत गळके झालेले असतात, ट्रान्सफॉर्मर जळेल. जाणकाराकडून ते बदलून घ्या आणि पहिल्यांदा सिरीज बल्बवर, म्हणजे विजेच्या वाटेत एक बल्ब जोडून, लावायला सांगा. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला, तर आत शॉर्ट आहे. सगळं ठीक असलं तरी आवाज लगेच येत नाही, व्हॉल्व्ह तापावे लागतात.

कोथरूडची मावशी
आजींना बिनाका गीतमालाबद्दल, त्या हिंदी गाण्यांच्या क्रमवारीच्या कार्यक्रमाबद्दल, जरूर विचारा. बुधवारी रात्री आठ, रेडिओ सिलोन, अमीन सयानी. शॉर्टवेव्हवर आवाज लांब जायचा, परत यायचा. नेमका पहिला नंबर सांगताना खरखर सुरू झाली की आम्ही सगळी भावंडं सेटला कान लावायचो.

सदाशिवपेठी
सगळ्यांचे मनापासून आभार. माळ्यावरचा सेट आधी दाखवून घेतो. शनवारकर काका, गीत ऐकताना शब्द समोर ठेवू का?

शनवारकर
पहिल्या खेपेला नको. शुक्रवारी नुसतं ऐका, पुस्तक शनिवारी उघडा.