मैत्रिणींबरोबर हस्तकलेचा धंदा काढला होता का कुणी? अनुभव लिहा

काळी_चंद्रकळा
परवा फॅमिली ग्रुपवर भाचीच्या सासूबाईंनी फोटो टाकला, पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने, ऑर्डर देऊन करून घेतलेले. सगळ्या किती सुंदर किती सुंदर करत होत्या आणि मी आपली फोटो झूम करून बघतेय की दाणे दोऱ्यात बांधलेत की पुठ्ठ्यावर चिकटवलेत. चिकटवलेलेच होते.

आम्ही तिघी डोंबिवलीत एकाच मजल्यावर राहायचो तेव्हा हेच करायचो. पोरं शाळेत गेली की हॉलमध्ये सतरंजी. हलवा आधी चाळायचा, एका मापाचे दाणे वेगळे, काटा मोडलेले वेगळे (ते बोरन्हाणाच्या लुटीत जायचे), मग दोऱ्याचा फास टाकून एकेक दाणा त्यात आवळायचा. काटा चांगला असेल तर दोरा काट्यांमध्ये अडकून बसतो, गुळगुळीत दाणा असला की सटकलाच. एका बाजूबंदात अख्खी दुपार जायची. तन्मणी, चिंचपेटी, कंबरपट्टा, नथ, जावयाला हार नि गुच्छ, सगळं करायचो.

पहिलं वर्ष मजेत गेलं. मग ऑर्डरी वाढल्या आणि प्रश्न आला की पैसे वाटायचे कसे. एकीचा हात भराभर चालायचा, दुसरीचं काम सावकाश पण असं की गिऱ्हाईक तिच्याच हातचं मागायचं, आणि मी दादरला जाऊन सामान आणणार, ऑर्डरी घेणार, उधारी वसूल करणार. समान वाटायचे? नगावर? तासावर? भांडण नाही झालं हो. त्याहून वाईट झालं, तिघी एकमेकींशी फार गोड बोलायला लागलो. "अगं असू दे गं", "तू घे गं". त्यानंतरच्या संक्रांतीला कुणी विषयच काढला नाही.

कुणी केलंय का असं काही? हलवाच हवा असं नाही. लिहा.

पोळपाट_लाटणं
गोड बोलायला लागलो 😂😂 अगदी अगदी

कामटी_आणि_खळ
आमचे आकाशकंदील. चौघी, कल्याण. एकीचे सासरे बांबूच्या कामट्या तासून द्यायचे, बाकी सांगाडा बांधणं, कागद, झिरमिळ्या आम्ही. दुकानात प्लॅस्टिकचे घडीचे कंदील मिळतात त्यांच्याशी किमतीत बरोबरी होणं शक्यच नाही, पण पारंपरिकच पाहिजे म्हणणारे लोक असतात आणि ते घासाघीसही जास्त करतात हे माझं ठाम मत आहे. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर पाऊस. गॅलरीत वाळत टाकलेले सगळे कंदील भिजले, पतंगाच्या कागदाचा रंग सुटून फरशी गुलाबी. घरमालकीण अजून ओळख दाखवत नाही. आमचे पैसे समान वाटले जायचे, कारण मिळायचेच इतके थोडे की भांडायला काही नव्हतं

मिसळपाव_जास्त_तर्री
माहीमच्या कंदील गल्लीत जाऊन बघा एकदा दिवाळीच्या आधी, डोळे दिपतात. मी दरवर्षी नुसता बघून येतो, घेत नाही. बायको म्हणते अशा लोकांमुळेच धंदे बुडतात

गिरगावकरीण
लिज्जतवाल्या सात जणींनी 1959 साली आमच्या गिरगावात गच्चीवर 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आम्ही पाच जणी कागदी फुलांची तोरणं करायला बसलो तर पहिल्या मीटिंगच्या चहा-बटाटेवड्यातच त्याहून जास्त उडाले. तोरणं दोन झाली. एक माझ्याच दाराला आहे

हिशोबी_काका
चंद्रकळा ताई, तुमचा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तर कायद्यात आहे. भारतीय भागीदारी कायदा 1932. भागीदारांत काही ठरलेलंच नसेल तर नफा आणि तोटा दोन्ही समान वाटायचे, आणि कुठल्याही भागीदाराला कामाचा वेगळा मोबदला मागता येत नाही. म्हणजे जिने रात्र जागून कंबरपट्टा केला तिलाही तेवढंच आणि जिने फक्त फोटो काढून स्टेटसला टाकला तिलाही तेवढंच. हे नको असेल तर आधी लिहून ठरवा, अमुक नगाला मजुरी अमुक, ती आधी काढायची, मग उरलेला नफा समान. फर्मची नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसेल तर पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्यावर फर्मच्या नावाने दावा लावता येत नाही. आणि छोट्या धंद्यांची उद्यम नोंदणी सरकारी साइटवर फुकट होते, कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

पोळपाट_लाटणं
काका तुम्ही हळदीकुंकवाच्या धाग्यावर पण कायदा सांगितला होता

हिशोबी_काका
तिथेही गरज होती.

काळी_चंद्रकळा
काका, मजुरी आधी काढायची हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! पण सामान आणणारीची मजुरी कशी मोजायची? लोकलमध्ये उभं राहण्याचे नग नसतात ना

हिशोबी_काका
विक्रीवर टक्केवारी. तीसुद्धा आधी लिहून.

गटातली_ताई
आमचा बचत गट हाय, कोल्हापूरकडं, गोधड्या शिवतो. मैत्रिणी म्हणून न्हाई पण आता मैत्रिणीच. उमेदमधून, म्हंजे बचत गटांच्या सरकारी अभियानातनं, मुंबैला महालक्ष्मी सरस प्रदर्शनात स्टॉल मिळालेला. गोधडी शिवणं सोपं हो, स्टॉलवर बसणं अवघड. घरी म्हस, पोरं, शेवटी ज्यांच्या सासवा धडधाकट त्या गेल्या 😀 मुंबैच्या बायका गोधडी उलटी करून धावदोरा बघत्यात, लई बरं वाटतं, आनि मग म्हनत्यात हातानं शिवलीय तर स्वस्त आसंल ना. हातानं शिवली म्हनून म्हाग हाय म्हनून सांगायला आम्ही दुसऱ्या दिवशी शिकलो. आमच्यात नगावरच पैशे. जी बसली तिला बसल्याचा रोज येगळा. वहीत सगळ्याजनी सही करतोय

कामटी_आणि_खळ
ताई बसल्याचा रोज वेगळा हे लाखाचं बोललात

मिसळपाव_जास्त_तर्री
गोधडी मिळेल का? डबल बेडची?

गटातली_ताई
मिळंल की. मेसेज करा

बर्फातली_वहिनी
जर्सीहून लिहितेय, ऑफिसच्या लंचमध्ये. इथे मंडळाच्या दोघी मिळून बाळांच्या बोरन्हाणासाठी सेट करतो, मुकुट, बासरी, हार. इथे बोरं नाहीत त्यामुळे ब्लूबेरी डोक्यावरून 🙈 सासूबाईंना सांगितलं नाहीये. पण हलवा मात्र घरी होतो आणि काटा असा येतो की बस, बाहेर थंडी कडक आणि हीटरमुळे घरातली हवा कोरडी ठणठणीत. ठाण्यात आईकडे इतका छान कधीच झाला नव्हता. पैशाचं म्हणाल तर मैत्रीण आणि मी अजून ते बोललोच नाही आहोत, हा धागा वाचून पोटात गोळा आला. तिला लिंक पाठवू का नको

गिरगावकरीण
पाठव. खाली "असू दे गं" लिहू नकोस फक्त

सांजवात८
हा विषय नाही पण हलव्याला काटा येतो कसा? माझा दरवर्षी भगरा होतो

काळी_चंद्रकळा
सांजवात, पाक कच्चा ठेवायचा, तिळाची परात मंद आचेवर, आणि पाक चमचा चमचाच घालायचा. घातला की बोटांनी सतत हलवायचं, तो पूर्ण सुकल्याशिवाय पुढचा चमचा नाही. घाई केली की तीळ एकमेकांना चिकटतात. एका दिवसात होत नाही, रोज थोडं थोडं. बोटं भाजतात. खसखशीवर केलास तर बारीक होतो, साबुदाण्यावर मोठा, दागिन्यांना दोन्ही लागतात.

बर्फातली_वहिनी
आणि पंखा बंद

नुसतीच_वाचक
मी आणि माझी बेस्ट फ्रेंड क्विलिंगचे (कागदाच्या पट्ट्या गुंडाळून) कानातले करायचो लॉकडाऊनमध्ये. तिने नंतर एकटीने पेज काढलं. डिझाइन्स तीच, त्यातली अर्धी माझी. मी अजून लाइक करते तिच्या पोस्ट. बाकी काही नाही, लिहावंसं वाटलं

कामटी_आणि_खळ
अगं 🫂 का लाइक करतेस पण

नुसतीच_वाचक
छान करते ती खरंच

पोळपाट_लाटणं
मी नाही केलेला धंदा वगैरे पण चंद्रकळा ताई, माझ्या लेकीची पहिली संक्रांत आहे येत्या जानेवारीत. दोऱ्यात बांधलेलेच हवेत. तुम्ही तिघी आता कुठे असता?

काळी_चंद्रकळा
एक बदलापूर, एक नाशिक, मी अजून डोंबिवलीतच. सावकाश करणारी नाशिकला आहे, विचारते तिला. पण पोळपाट, मजुरी आधी सांगेन हां, आणि दोन महिने आधी ऑर्डर. डिसेंबरच्या शेवटी फोन करून "एवढं काय त्यात" म्हणालीस तर फोन ठेवेन

पोळपाट_लाटणं
चालेल. मुंग्या लागू नयेत म्हणून काय करता?

गिरगावकरीण
डबा पाण्याच्या ताटात

हिशोबी_काका
ऑर्डर लेखी घ्या.