मदत हवी आहे: कात्रणांच्या गोधडीचे ब्लॉक एका मापाचे येत नाहीत (घाई आहे)

कात्रणपेटी:
घरी ब्लाउज शिवते, त्यामुळे आठ-नऊ वर्षांची कात्रणं पिशव्या भरून साठलीत. त्यातून नणंदेच्या बाळासाठी गोधडी करायला घेतली. नऊ चौकोनांचा एक ब्लॉक, असे २० करायचेत. बारसं पुढच्या रविवारी. ११ झाले आणि एकही दुसऱ्याला जुळत नाही. एका बाजूला कापड उरतं, दुसऱ्या बाजूला ओढलं जातं. दोनदा उसवून झालं. काय चुकतंय ते कुणीतरी लवकर सांगा.

धावदोरा:
चौकोन किती इंचांचे कापलेत? माया, म्हणजे शिवणीपासून कडेपर्यंतचं कापड, किती धरलीत? तयार ब्लॉक पट्टीवर किती भरतो? आकड्यांशिवाय काही सांगता येणार नाही.

मावळची_वाकळ:
ताई, ब्लॉकच्या भानगडीत पडूच नका. आमच्याकडे जुनी नऊवारी घडी करून अंथरायची, त्यावर कात्रणं मांडायची आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचं. मापाचा प्रश्नच येत नाही, आणि हाताच्या टाक्याची गोधडी बाळाला मऊ लागते. माझ्या दोन्ही मुलांची तशीच होती.

कात्रणपेटी:
चौकोन अडीच इंचांचे. माया नेहमीची. ब्लॉक सहाच्या आसपास, कुठला थोडा जास्त, कुठला थोडा कमी. वाकळताई, पद्धत सुंदर आहे, पण ११ ब्लॉक झालेत, ते टाकून देऊ का?

उंबरठा:
आधी सांगा, कापड धुतलं होतं का? ब्लाउजपीसचा लाल आणि खणाचा गडद रंग पहिल्या धुण्यात उतरतो. सगळे चौकोन रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, रंग पक्का होतो.

नीळ_आणि_मंजिष्ठा:
असं होत नाही, उंबरठा. मीठ रंगवताना घालतात, रंग कापडात शिरावा म्हणून. रंगवून झालेल्या कापडाला नंतर मीठ लावून फरक पडत नाही. पांढरा ओला रुमाल कात्रणावर घासून बघा. डाग आला तर ते कात्रण बाळाच्या गोधडीत घालू नका.

उंबरठा:
माझी आई ४० वर्षं हेच करत आली. तिच्या एकाही साडीचा रंग गेला नाही.

नीळ_आणि_मंजिष्ठा:
त्या साड्यांचा रंग मुळातच पक्का असणार. इथे लहान बाळ गोधडी तोंडात घालणार आहे, म्हणून एवढं आग्रहाने सांगतेय.

धावदोरा:
रंगाचं नंतर. कात्रणपेटी, "नेहमीची" म्हणजे किती? ब्लाउज शिवणाऱ्यांची नेहमीची माया आणि चौकोन जोडायची माया वेगळी. इथे पाव इंच, म्हणजे नेमकी दोन सूत लागते. अडीच इंचांचे तीन चौकोन या मायेने जोडले की ब्लॉक साडेसहा भरतो. तुमचा सहा भरतोय, म्हणजे अर्धा इंच गायब. एका ओळीत दोन शिवणी, प्रत्येकीत दोन बाजूंचं कापड जातं. चार ठिकाणी एकेक सूत जास्त गेलं की बरोबर अर्धा इंच होतो. तुम्ही तीन सुतांवर शिवताय. सुईपासून मशीनच्या फुटाच्या (कापड दाबून धरणाऱ्या पट्टीच्या) कडेपर्यंतचं अंतर मोजा.

शिवणकोपरा:
कात्रणांच्या पिशव्या शिवून विका. सध्या कापडी पिशव्यांना मागणी आहे.

कात्रणपेटी:
पिशव्या नको आहेत हो, गोधडी हवी आहे.
धावदोराताई, आत्ता मोजलं. तीन सूतच भरलं! मी फुटाची कड धरून शिवते, हातच तसा बसलाय. पण मग सगळे ब्लॉक सारखेच लहान यायला हवे होते ना?

धावदोरा:
बरोबर विचारलंत. कापड कुठकुठलं आहे? टू बाय टू, पॉपलिन, रेशमी, सगळं एकत्र?

कात्रणपेटी:
हो. आणि कात्रणं जशी मिळतील तशी कापली. पुठ्ठ्याचा साचा ठेवून खडूने आखलं.

धावदोरा:
मग तेच. ब्लाउजची कात्रणं बगलेची, गळ्याची असतात. उभा-आडवा धागा न बघता कापलं की निम्मे चौकोन उरेब, म्हणजे तिरक्या धाग्याचे, जातात आणि शिवताना ताणतात. कापायच्या आधी हलकी खळ देऊन इस्त्री करा. इस्त्री वरून दाबून उचलायची, फिरवायची नाही. पुठ्ठ्याच्या कडाही झिजतात, स्टीलची पट्टी घ्या. मशीनच्या पत्र्यावर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टी लावा आणि फुटाकडे न बघता त्या पट्टीकडे बघून शिवा.

उसवू नका. प्रत्येक ब्लॉकला चारही बाजूंनी दोन इंच रुंदीची एकरंगी सुती पट्टी जोडा, मग सगळे ब्लॉक साडेआठ इंचांवर छाटा. ब्लॉक पावणेसहा असो की साडेसहा, फरक त्या पट्टीत जिरतो. चार गुणिले पाच ब्लॉक मांडलेत तर जोडताना प्रत्येकी अर्धा इंच मायेत जाऊन गोधडी ३२ बाय ४० इंच होते. पट्ट्यांना ४४ इंच पन्ह्याचं सव्वा मीटर कापड पुरेल. पुण्यात रविवार पेठेत कापडगंजात बघा.

सदाशिवकर_काकू:
पट्ट्या लावल्या की कात्रणांचा भरगच्चपणा जातो. मी असते तर उसवलं असतं.

धावदोरा:
काकू, त्यांनी दोनदा उसवलंय. उरेब चौकोन तिसऱ्यांदा उसवला तर कडाच सुटतील.

हल्याळकर:
वाकळताईंचं वाचून आठवलं. उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायकाही अशीच कडेपासून आत शिवतात. त्या गोधडीला कवंदी म्हणतात. चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुलं लावतात, त्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत.

मावळची_वाकळ:
कोपऱ्याची फुलं! कात्रणपेटी, तेवढी तरी हाताने लावा.

कात्रणपेटी:
चिकटपट्टी लावून एक नवा ब्लॉक शिवला. साडेसहा, चारही बाजूंनी! जुन्या ११ ना पट्ट्या लावते, आणि दिसायला सारखे हवेत म्हणून नव्यांनाही. रुमाल घासून बघितला, लाल खणाच्या दोन कात्रणांचा डाग आला, ती काढली. रेशमी आणि जरीचे तुकडेही काढले, बाळाला टोचतील. फुलं नक्की लावणार.
आता आत काय घालू? घरी सासूबाईंची जुनी सुती पाचवारी आहे.

मावळची_वाकळ:
तीच घाला. धुऊन, दुहेरी घडी करून.

उंबरठा:
मिठाच्या पाण्यात धुऊन.