बोर्ड डिझाइनच्या फुकट सॉफ्टवेअरची दरवर्षी नवी आवृत्ती: आपल्यासारख्या छोट्या कामवाल्यांना झेपतं का?

धोटा
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं लहान वर्कशॉप आहे. यंत्रमागाचे कंट्रोल बोर्ड दुरुस्त करतो, काही स्वतः बनवूनही देतो. सगळ्यात जास्त खपणारा बोर्ड म्हणजे ताण्याचा धागा तुटला की माग थांबवणारा. धागा तुटतो, त्यावर लटकलेला ड्रॉपर (पातळ पत्री) खालच्या पट्टीवर पडतो, चोवीस व्होल्टचं सर्किट जुळतं, ऑप्टोकपलरमधून (हा उजेडाने सिग्नल पुढे देतो) रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ओढला जातो, मोटर बंद. २०१९ ला कीकॅड ५ वर (कीकॅड म्हणजे बोर्ड काढायचं फुकट सॉफ्टवेअर, ५ ही त्याची आवृत्ती) काढलेला बोर्ड, अजून तोच चालतोय.

गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या इंजिनिअर पोराने त्यात एक इनपुट वाढवून मागितला. म्हटलं, तूच वाढव, शिकशील. फाइल दिली. त्याने कीकॅड ९ मध्ये उघडली, बदल केला, सेव्ह करून परत पाठवली. माझ्याकडे उघडेना. ही फाइल नव्या आवृत्तीत बनली आहे म्हणे. माझा पीसी विंडोज ७ चा, कारण त्यालाच तो चिपमध्ये प्रोग्राम भरणारा जुना प्रिंटर-पोर्टवाला प्रोग्रामर जोडलाय. त्यावर ५ च्या पुढचं काही चालत नाही. म्हणजे बोर्ड माझा, माग सोलापूरचा, आणि मलाच तो बघायला मिळेना! मूळ प्रत जपून ठेवली होती म्हणून निभावलं. दिवस गेला तो गेलाच.

५ आली जुलै २०१८ ला, ६ आली डिसेंबर २०२१ ला. मधे साडेतीन वर्षं कुणाच्या डोक्याला ताप नव्हता. नंतर ७ फेब्रुवारी २०२३, ८ फेब्रुवारी २०२४, ९ फेब्रुवारी २०२५. जानेवारीतली आपली गड्ड्याची जत्रा संपली की यांची जत्रा सुरू. ज्याच्यावर पोट आहे ते हत्यार दरवर्षी बदलायचं नसतं, असं माझं ठाम मत आहे. तुमचं काय?

कडक_भाकरी
मालक, राग मानू नका, पण दोष आवृत्तीला देऊन तुम्ही सुटताय. नव्यात सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही हे पहिल्यापासून असंच आहे, आणि जुनी फाइल उघडताना ते तसं सांगतंही. त्या पोराने प्रत करून घ्यायला हवी होती. तुमच्याकडे एकाच नावाची एकच फाइल फिरत असते, खरा घोळ तिथं आहे.

दुसरं, विंडोजवर ६ पासून प्रत्येक आवृत्ती आपापल्या फोल्डरात बसते. माझ्या लॅपटॉपवर ७, ८, ९ तिन्ही आहेत. जुनं गिऱ्हाईक आलं की जुनी उघडतो. एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत.

आणि तुमच्या त्या शांत ५ मध्ये काय शांती होती ते मला माहितीय. स्कीमॅटिक (सर्किटची आकृती) पाठवलं आणि सोबतची कॅशची फाइल विसरली, की समोरच्याला सिम्बॉलच्या, म्हणजे भागांच्या चिन्हांच्या जागी नुसते प्रश्नचिन्हांचे चौकोन दिसायचे. ६ पासून सिम्बॉल स्कीमॅटिकच्या फाइलीतच बसतात. एवढ्या एका गोष्टीसाठी मी ५ सोडली आणि परत वळून बघितलं नाही.

पॉलीमास्तर
मी दोघांच्या मधे उभा आहे आणि दोन्हीकडून मार खातोय. आमच्या पॉलिटेक्निकच्या लॅबला विंडोजऐवजी उबंटू २२.०४ आहे. तिच्या सॉफ्टवेअरच्या भांडारात कीकॅड ६ आहे, म्हणून लॅबमध्ये ६. पोरं घरी ९ उतरवतात, एक जीबीच्या वरचं डाउनलोड मोबाइलच्या डेटावर रात्रभर लावून. मग सबमिशनच्या दिवशी तीसातल्या बारा जणांची फाइल लॅबमध्ये उघडत नाही. "सर, घरी चालत होतं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणेन.

तरी धोटाभाऊ, तुमच्या बाजूने मी पूर्ण येऊ शकत नाही. ईगलचं, म्हणजे बोर्ड काढायच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं, काय झालं बघा. आम्ही आधी तेच शिकवायचो. फुकट आवृत्तीत तांब्याचे दोनच लेयर आणि ८० चौरस सेंटिमीटरचा बोर्ड, तरी पोरांना पुरायचं. २०१६ ला ऑटोडेस्कने ते घेतलं, २०१७ ला वर्गणीवर नेलं, २०२३ ला जाहीर केलं की बंद करणार. दुकान बंद व्हायची तारीख ७ जून २०२६. दहा वर्षांच्या माझ्या प्रॅक्टिकलच्या फाइली त्यात आहेत. एकाच जागी थांबलेल्या माणसाच्या पायाखालची जमीन अशी सरकते.

धोटा
मास्तर, हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ईगल तुम्ही नाही बदललं, त्यांनी बदललं. माझी कीकॅड ५ मात्र कुणी बंद करू शकत नाही. इन्स्टॉलरची फाइल पेन ड्राइव्हवर आहे, दोन पेन ड्राइव्हवर. पीसी जळला तर दुसऱ्यावर टाकीन. वर्गणी नाही, लॉगिन नाही. ओपन सोर्सचा (ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे) मोठा फायदा तुम्ही म्हणता तो नव्या सुविधांचा नसून हाच आहे, की जुनं मरत नाही.

कडक_भाकरी
जुनं मरत नाही, पण म्हातारं होतं ना! चुकांची दुरुस्ती सध्याच्या आवृत्तीलाच मिळते. ५ मध्ये काही सापडलं तर कुणी हात लावणार नाही.

पुण्यात_अडकलेला
मूळचा साखर पेठेतला, पोटासाठी हिंजवडीत. आमच्याकडे पैसे देऊन घेतलेलं सॉफ्टवेअर आहे. फरक एवढाच की अडलं की फोन करता येतो. फुकटच्या गोष्टीला धरबंध नसतो, कुणाला वाटलं म्हणून मेनू बदलतात. धंदा करायचा तर पैसे टाकून घ्यावं, हे माझं मत. इथं तोफा सुरू होतील ते माहीत आहे.

कडक_भाकरी
तोफा नाही, एकच प्रश्न. सोलापुरात ते पैसे टाकून घेतलेले किती जण बघितलेस? मी बघितलेत ते सगळे क्रॅक. इंटरनेटची वायर काढून चालवतात. त्यांनी कुणाला फोन करायचा?

आणि धरबंध नाही हे चुकीचं आहे. १९९२ ला फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या एका प्राध्यापकाने कीकॅड सुरू केलं. नंतर सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेची माणसं त्यात उतरली. आड आलेला ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) ढकलून वाट काढणारं रूटिंग त्यांनी घातलेलं आहे. २०१९ पासून लिनक्स फाउंडेशन या ओपन सोर्सवाल्या संस्थेच्या छताखाली आहे. दरवर्षी एक आवृत्ती हासुद्धा नियमच झाला ना? धोटा मालकांची तक्रार नियम असल्याची आहे, तुझी नसल्याची.

पुण्यात_अडकलेला
क्रॅकचं खरं आहे. बाकी मत कायम. (शेंगा चटणी घेऊन कुणी पुण्याला येणार असेल तर कळवा.)

ट्रॉनिक्स_तिसरं_वर्ष
काका, मी विद्यार्थी आहे, मोठ्यांमध्ये बोलतोय. तुमच्या बोर्डावर एकसारखे इनपुट किती आहेत? कारण ९ मध्ये एक गोष्ट आहे, तिच्यासाठी मी ८ वरून ९ वर गेलो. स्कीमॅटिकमध्ये एकच शीट (पान) आठ वेळा वापरली असेल तर बोर्डावर एका चॅनेलची, म्हणजे एका इनपुटची, मांडणी आणि ट्रॅक नीट करायचे, बाकी सात ते तसेच उतरवून देतं. आधी प्लगइन शोधत बसायचो, नाहीतर हाताने. एका इनपुटमध्ये रेझिस्टर, ऑप्टो, कॅपॅसिटर, एलईडी. आठ वेळा तेच करताना सहाव्याला हमखास चूक होते, माझी तरी होते.

धोटा
सहा आहेत बाळा. नवीन धरून सात. आणि हो, माझी पाचव्याला झाली होती, २०१९ ला. एलईडी उलटी. अजून ती जोडणी प्रत्येक बोर्डावर हाताने उलटी करतो, बायको म्हणते हा तुमचा ट्रेडमार्क.

फ्लक्सताई
मी बोर्ड काढत नाही, भरते. माझ्याकडे चार बायका सोल्डरिंग करतात. तुमची आवृत्ती ५ असो की ९, आम्हाला कागद येतो. कोणता भाग कुठे, पट्टी कुठल्या बाजूला. तो कागद बरोबर आला तर तुम्ही कोळशाने काढलेला बोर्डही भरून देऊ.

पण एक सांगते. दिवाळीच्या आधी एका ओळखीच्या माणसाने दोनशे बोर्ड करून आणले. नाव घेत नाही, चांगला माणूस आहे. गर्बर (तांब्याच्या नक्षीच्या फाइली, बोर्ड छापणाऱ्याला देतात त्या) नवीन आणि ड्रिलची, म्हणजे भोकांची, फाइल जुनी पाठवली होती त्याने. टर्मिनलची भोकं दीड मिलिमीटर सरकलेली. दोनशेच्या दोनशे. आम्ही पाय वाकवून वाकवून बसवले, बोटं सोलली पोरींची. परवा तो म्हणायलाय, आता ९ मध्ये सगळं एकदाच निघतं, गर्बर, ड्रिल, भागांची यादी, पीडीएफ, एक बटण दाबलं की एका फोल्डरात. मी म्हटलं, मग हे बटण दिवाळीच्या आधी का नाही दाबलंस बाबा?

त्यामुळे मी नव्याच्या बाजूने. कारण बाकी काही नाही, आमची बोटं.

कडक_भाकरी
ताई, त्या एका बटणाचं नाव जॉबसेट. त्यासाठी नऊच लागते. आणि मालक, बोर्ड बनवणाऱ्याला तुमची आवृत्ती कधीच दिसत नाही, तो गर्बर बघतो. प्रत्येक बोर्डाचं गर्बर आणि स्कीमॅटिकचं पीडीएफ एका फोल्डरात ठेवलंत तर दहा वर्षांनीही तोच बोर्ड छापून येईल. मूळ फाइल फक्त बदल करायला लागते. मग बदल करायचा असेल तेव्हाच पुढे सरका, एक एक बोर्ड. अख्खा गाव एका रात्रीत उठवायची गरज नाही.

पॉलीमास्तर
हे पटलं. मी लॅबपुरतं ठरवतोय: जूनला जी आवृत्ती, तीच मेपर्यंत, घरी आणि लॅबला दोन्हीकडे. मधे कितीही नवी येवो. पोरं कुरकुरतील. सगळ्या मशिनींवर बसवायला प्रशासनाची परवानगी लागते, ती मिळेपर्यंत बहुतेक पुढची आवृत्ती येईल, तो भाग वेगळा.

धोटा
चार दिवसांनी परत आलो. घरी मुलीचा लॅपटॉप आहे, त्यावर ९ टाकलं आणि जुन्या बोर्डाची प्रत उघडली. प्रतच, ओरडू नका. उघडली. तांब्याचे मोठे भाग परत भरून घे म्हणाला, घेतले. कडा थोड्या वेगळ्या आल्या, बिघडलं काही नाही. मग त्यातली चुका शोधणारी तपासणी चालवली तर एकोणीस चुका! इतकी वर्षं चालणाऱ्या बोर्डात एकोणीस! सोळा नुसत्या छपाईच्या, अक्षरं पॅडवर (भाग सोल्डर करायच्या जागेवर) आलेली. अशाने माणूस घाबरतो आणि परत जुन्याकडे पळतो, हे मी म्हणतो तेच.

दोन अशाच. एकोणिसावी अशी की एका स्क्रूच्या भोकाची हद्द (भोवती मोकळी सोडायची जागा) मोटरच्या टर्मिनलच्या हद्दीत घुसलीय. म्हणजे स्क्रूचं डोकं आणि वॉशर बसला की २३० व्होल्टच्या पॅडजवळ जातो.

कडक_भाकरी
बघा! नवी आवृत्ती.

पॉलीमास्तर
थांबा. भागांच्या हद्दी एकमेकांत जातात का ही तपासणी ५ मध्येही होती. फक्त ती चालू असावी लागायची. धोटाभाऊंनी केली नसणार. श्रेय आवृत्तीला देऊ नका.

धोटा
नव्हती केली. मास्तर बरोबर. पण नव्याने न विचारता दाखवली, भाकरीपण बरोबर. एवढ्यावरून माझं मत फिरलं असं समजू नका. विंडोज ७ चा पीसी आणि ५ राहणारच, हातातल्या ऑर्डरी त्यावरच निघतील. सात इनपुटवाला नवा बोर्ड मात्र पोरीच्या लॅपटॉपवर काढतो, त्या विद्यार्थ्याने सांगितलं तसं एक चॅनेल करून.

फ्लक्सताई
ते राहू द्या हो. मागावर जे बोर्ड आत्ता लागलेत, त्यांच्या त्या स्क्रूला वॉशर कुठला आहे? नायलॉनचा की लोखंडी?

धोटा
लोखंडी.

फ्लक्सताई
किती बोर्ड?

धोटा
चाळीस-एक असतील. नई जिंदगीकडे दोन कारखाने, बाकी इथेच एमआयडीसीत. नायलॉनचे वॉशर आणायला नवी पेठेत निघालोय, शनिवारी माग बंद असतात तेव्हा सगळे बदलून टाकतो.

ट्रॉनिक्स_तिसरं_वर्ष
काका, शनिवारी मला कॉलेज नाही. स्क्रू ड्रायव्हर घेऊन येऊ का?