फाइव्ह स्टार पोरांची हुर्यो उडवायचा हक्क आपल्याला आहे का?

ऑस्टिनकर_मिरजेचा

मंडळी, सप्टेंबरात ओहायो स्टेट इथे ऑस्टिनला येतेय आणि आमच्या ग्रुपवर आत्तापासूनच सुरू झालंय, या वर्षी आर्चने (टेक्सस युनिव्हर्सिटीचा, म्हणजे आमच्या टीमचा क्वार्टरबॅक, पास फेकणारा मुख्य खेळाडू) करून दाखवलंच पाहिजे, नाहीतर हे आणि नाहीतर ते. म्हणून म्हटलं एकदा काय ते भांडून घेऊ.

ज्यांना इथलं कॉलेज फुटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉलेजच्या मॅचला इथे लाखभर लोक येतात, खोटं नाही सांगत, आमचं स्टेडियमच लाखाचं आहे. पोरं येतात हायस्कूलमधून आणि ती शाळेत असतानाच रेटिंगवाल्या साइट त्यांना स्टार देऊन मोकळ्या होतात, दोन, तीन, चार, पाच. फाइव्ह स्टार वर्षाला साधारण ३२ च. एनएफएल म्हणजे इथली प्रोफेशनल लीग, तिच्या टीम ड्राफ्टमध्ये कॉलेजची पोरं निवडतात, त्या ड्राफ्टच्या पहिल्या राउंडला ३२ नावं असतात ना, तोच हिशोब, की हा पोरगा पुढे त्या ३२ मध्ये जाईल. म्हणजे हे एका मिसरूड न फुटलेल्या पोराचं भविष्य आहे, गुणपत्रिका नाही.

आता आमचा आर्च मॅनिंग. आजोबा आर्ची, काका पेटन आणि ईलाय, तिघंही एनएफएलचे क्वार्टरबॅक, वडील कूपर पण खेळले असते पण मणक्याच्या दुखण्याने शाळेनंतर खेळ सुटला. घराणंच म्हणा ना. २०२३ च्या बॅचमधलं सगळ्यात गाजलेलं नाव. दोन वर्षं क्विन यूअर्सच्या मागे बेंचवर, २०२४ मध्ये दोनच मॅच स्टार्ट केल्या, आणि २०२५ चा सीझन सुरू व्हायच्या आधीच टेक्सस इतिहासात पहिल्यांदा प्रीसीझनला एक नंबर आणि हा हाइझमन ट्रॉफीचा (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळते ती) फेव्हरेट, पूर्ण सीझन एकदाही न खेळता!! पहिली मॅच कोलंबसला, ओहायो स्टेटकडे, १४-७ हरलो, याचे ३० पैकी १७ पास, १७० यार्ड. चला, गतविजेत्यांच्या घरी हरलो, समजू शकतो. पण दोन आठवड्यांनी घरी टेक्सस एल पासोविरुद्ध, म्हणजे पैसे देऊन बोलावलेली टीम, तिच्याविरुद्ध याचे लागोपाठ दहा पास वाया गेले. मी होतो तिथे, वरच्या मजल्यावर, उन्हात, हातात आठ डॉलरची पाण्याची बाटली. सातव्या आठव्या पासला नुसतं हुं हुं चाललं होतं आणि मग खालून ते बूऽऽ सुरू झालं आणि वर येत गेलं. माझ्या पुढच्या रांगेत एक सहा-सात वर्षांचा पोरगा १६ नंबरची जर्सी घालून बसलेला, आर्चचा नंबर, आणि त्याचा बाप उभा राहून तोंडाभोवती हात धरून ओरडतोय. पोरगा एकदा बापाकडे बघतोय, एकदा स्वतःच्या छातीवरच्या नंबरकडे.

मॅच २७-१० जिंकलो आम्ही, हे सांगायचं राहिलंच.

माझं म्हणणं एवढंच, स्टार त्याने मागितले नव्हते, एक नंबर त्याने लावला नव्हता, मग हुर्यो त्याची का?

बकआय_बंडू

आले रडायला. अरे बाबा, स्टार मागितले नव्हते हे मान्य, पण पैसे? जुलै २०२१ पासून ही पोरं आपलं नाव विकून जाहिराती करू शकतात आणि जुलै २०२५ पासून तर कॉलेजच थेट पैसे देतं, पहिल्या वर्षाची मर्यादा कॉलेजमागे २०.५ मिलियन डॉलर, सगळे खेळ मिळून, पण सिंहाचा वाटा कोणाचा ते सांगायला नको. तुझ्या आर्चच्या जाहिराती मला दर चार मिनिटांनी दिसत होत्या. पूर्वी म्हणायचे विद्यार्थी आहेत बिचारे, स्कॉलरशिपवर खेळतात, तेव्हा मीही गप्प बसायचो. आता तो प्रोफेशनल आहे, मग प्रोफेशनलसारखी बोलणीही खायची.

आणि यूअर्सची गोष्ट अर्धीच सांगितलीस. तो आधी आमच्याकडे, ओहायो स्टेटला, आला होता, २०२१ ला, शाळेचं शेवटचं वर्ष सोडून. रेटिंग किती? १.००००, पैकीच्या पैकी, असं रेटिंग आजवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना मिळालंय. आमच्याकडे किती खेळला? दोन स्नॅप, म्हणजे दोनदा बॉल हातात आला. दोन! ते पण दुसऱ्याच्या हातात बॉल द्यायचे. मग गेला टेक्ससला. तिथून २०२५ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या राउंडला गेला. आम्ही त्या पोराच्या नावाने कोलंबसमध्ये किती स्वप्नं बघितली माहितीये का, आणि तू म्हणतोस अपेक्षा ठेवू नका.

ऑस्टिनकर_मिरजेचा

@बकआय_बंडू अरे पण यूअर्सने आम्हाला लागोपाठ दोन वर्षं प्लेऑफमध्ये, चँपियन ठरवणाऱ्या शेवटच्या फेऱ्यांत, नेलं की! त्याला वाईट खेळाडू कोण म्हणेल? फक्त १.०००० म्हणून तो तुम्हाला नापास वाटतो, तीन स्टारचा असता तर पुतळा उभारला असता. हेच तर मी सांगतोय.

शिवाजीपार्क_लाँगऑन

मला त्या फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तो बॉल पण वांग्यासारखा, पण विषय ओळखीचा निघाला. फेब्रुवारी १९८८, मुंबईच्या शाळांची हॅरिस शील्ड, शारदाश्रम शाळा, ६६४ ची भागीदारी. सचिन नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९. म्हणजे त्या दिवशी कागदावर मोठा फाइव्ह स्टार कोण होता बघा! विनोदने पुढे कसोटीत लागोपाठ दोन डबल मारल्या, सरासरी ५४ च्या वर, आणि तरी २३ व्या वर्षी कसोटी संपली. आणि ती भागीदारी चालू असताना पुढचा बॅट्समन म्हणून पॅड बांधून कोण बसला होता? अमोल मुझुमदार. बसूनच राहिला. पुढे रणजी पदार्पणात २६०, पेपरवाले म्हणाले दुसरा तेंडुलकर, आणि भारताकडून एकही मॅच नाही. तो गेल्या वर्षी बायकांच्या टीमचा कोच म्हणून डीवाय पाटीलला वर्ल्ड कप जिंकून उभा होता तेव्हा मी टीव्हीसमोर, खरं सांगतो, रडलो.

तर आता तुम्ही सांगा, मुझुमदार फुकट गेला का? आमच्या कट्ट्यावर वीस वर्षं हेच बोलायचे, फुकट गेला म्हणून.

बकआय_बंडू

काका, +१, पण मुझुमदारांना दर हिवाळ्यात सामान उचलून जास्त पैसे देणाऱ्या टीमकडे जायची सोय नव्हती. इथे आहे. दरवाजाच ठेवलाय, पोर्टल नावाचा, आवडलं नाही की निघाले. निष्ठा फक्त आम्ही तिकीटवाल्यांनीच ठेवायची.

आकडेमोड

दोघंही थोडं थोडं चूक आहात.

स्टार खोटे नसतात. कित्येक वर्षं चँपियन टीम बघितल्या तर निम्म्याहून जास्त पोरं चार-पाच स्टारवाली असायची, त्याशिवाय कोणी जिंकतच नव्हतं. बंडूच्याच टीमचा जेरेमाया स्मिथ घ्या, २०२४ च्या बॅचचा एक नंबर, आला त्याच वर्षी १,३१५ यार्ड, १५ टचडाउन आणि चँपियनशिप. त्याच्याकडून अपेक्षा ठेवणारे वेडे ठरले का? नाही.

पण हे सगळं घाऊक भावाचं झालं. शंभर फाइव्ह स्टार घेतले तर ते शंभर थ्री स्टारपेक्षा भारीच निघणार. तुमच्या वाट्याला मात्र एकच क्वार्टरबॅक येतो, आणि क्वार्टरबॅक ओळखणं सगळ्यात अवघड. जॉश अॅलनला हायस्कूलमधून एकाही मोठ्या कॉलेजने विचारलं नव्हतं. बेकर मेफील्ड स्कॉलरशिपशिवाय आला आणि हाइझमन घेऊन गेला. जो बरोला कोलंबसमध्ये जागा मिळेना म्हणून लुइझियानाच्या एलएसयूला गेला (बंडू, हे पण तुमचंच), तिथे २०१९ ला ६० टचडाउन पास. आणि या जानेवारीत इंडियाना चँपियन झाली, १६-०, इंडियाना!! जिथे लोक बास्केटबॉल सुरू होईपर्यंत वेळ घालवायला फुटबॉल बघायचे. निम्म्या पोरांचा तो नियम पण मोडला त्यांनी. त्यांचा क्वार्टरबॅक मेंडोझा शाळेत असताना येलला जायला निघाला होता, तोच पोरगा हाइझमन विजेता.

आणि पहिल्या वर्षाचं म्हणाल तर पेटन काकांनी एनएफएलच्या पहिल्या सीझनला, १९९८ मध्ये, २८ इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्या टीमच्या हातात गेलेले पास, फेकलेत. नवख्याचा तो विक्रम आहे.

बकआय_बंडू

आकडे पाठ आहेत तुझे, मान्य. पण आकडेवाले एक विसरतात, स्टेडियममध्ये माणूस सरासरी बघायला जात नाही रे. पाचशे डॉलर घालून, चार तास गाडी चालवून, पोरांना घेऊन गेलो आणि समोर तो बॉल रिसीव्हरच्या पायात टाकतोय तर मी काय शंभर पोरांचा हिशोब मांडत बसू? ओरडणारच. बाकीच्या जगात सगळीकडे ओरडतात.

फ्रिस्कोची_आई

एरवी फक्त वाचते, आज लिहितेय.

माझा मुलगा सोळाचा आहे, इथे डॅलसजवळ शाळेच्या टीममध्ये खेळतो, ठीकठाक खेळतो, त्याला स्टार वगैरे काही नाहीत आणि मिळणारही नाहीत (मी मनातून सुटले). पण त्याचा एक मित्र आहे, त्याला फोर स्टार होते. दर शुक्रवारी मॅचनंतर ही सगळी गँग आमच्याकडे येते, थालीपीठ खातात, लोण्याबरोबर, त्या पोराला 'स्पायसी पॅनकेक' फार आवडतात. मागच्या सीझनला एके रात्री हे सहा जण ओट्याशी उभे आणि तो पोरगा एकदम गप्प झाला. फोन बघत होता. मी म्हटलं काय रे, मॅच तर जिंकलात. माझा मुलगा मला मराठीत म्हणाला, आई, त्याचा एक स्टार काढला. कोणी काढला, का काढला, काही नाही, कुठेतरी बसून कोणीतरी यादी अपडेट केली होती. त्याने ताटलीतलं अर्धं तसंच ठेवलं आणि सगळ्यांच्या आधी निघाला. खाली कमेंट होत्या त्याच्या शाळेच्याच लोकांच्या, मोठ्या माणसांच्या, की बरं झालं, उगाच चढवला होता.

सहा फूट दोन इंच आहे तो. पण आमच्या दारात चपला घालताना रडत होता आणि मला दिसू नये म्हणून मान खाली घालून बराच वेळ नाडी बांधत होता.

बंडूदादा, त्याला अजून एक डॉलरही कोणी दिलेला नाही.

शिवाजीपार्क_लाँगऑन

ताई, त्या पोराला माझ्यातर्फे एक थालीपीठ जास्त.

बकआय_बंडू

ताई, तुमच्यापुढे काय बोलणार. शाळकरी पोराच्या खाली असल्या कमेंट टाकणाऱ्यांना फटके दिले पाहिजेत, त्यात दुमत नाही. पण मी शाळेतल्या पोराबद्दल बोलत नव्हतो, मी २१ वर्षांच्या, जाहिराती करणाऱ्या, लाख लोकांपुढे खेळणाऱ्या माणसाबद्दल बोलतोय. कुठेतरी रेघ मारायला लागेल ना? मी ती पैशावर मारतो. तुम्ही कुठे मारता?

फ्रिस्कोची_आई

मला नाही माहीत हो. पण जो चार स्टार असताना आपला आणि तीन झाल्यावर 'उगाच चढवलेला', तो एकविसाव्या वर्षी जाहिरात करायला लागला म्हणून वेगळा पोरगा होत नाही ना. आणि पैसा ही रेघ असेल तर जे आज त्याच्या आईवडिलांना फोन करतात, ये आमच्याकडे, इतके देऊ, ते सगळे सोळाव्या वर्षीच करतात.

आकडेमोड

यावर एक उदाहरण. ओक्लाहोमाचा स्पेन्सर रॅटलर, फाइव्ह स्टार, २०२१ च्या सीझनआधी हाइझमनचा फेव्हरेट. सप्टेंबरात स्वतःच्याच मैदानावर विद्यार्थी ओरडायला लागले, केलेब हवा, केलेब हवा. केलेब म्हणजे बेंचवरचा केलेब विल्यम्स, तो पण फाइव्ह स्टार. दोन आठवड्यांनी टेक्ससविरुद्ध खरंच रॅटलरला काढला, केलेब आला, २८-७ ने मागे असलेली मॅच ५५-४८ जिंकली. म्हणजे ओरडणारे बरोबर होते, पुढे केलेबने हाइझमन पण घेतला. पण कुठे घेतला? दुसऱ्याच वर्षी, कॅलिफोर्नियाच्या यूएससीला जाऊन. ओक्लाहोमाकडे दोघंही उरले नाहीत. रॅटलर साउथ कॅरोलायनाला गेला, तिथे शांतपणे दोन सीझन खेळला आणि एनएफएलला पोचला, पाचव्या राउंडला.

बकआय_बंडू

@ऑस्टिनकर_मिरजेचा तू कुठे गायब? धागा पेटवून झोपलास? एक सरळ प्रश्न विचारतो. एल पासोच्या मॅचला तू वरच्या मजल्यावर होतास म्हणतोस. तू ओरडलास की नाही?

ऑस्टिनकर_मिरजेचा

कामावर होतो रे.

ओरडलो. पहिल्यांदा नाही, पण नवव्या पासला ओरडलो. बायको शेजारी होती, तिने नुसतं बघितलं माझ्याकडे. आणि तो जर्सीवाला पोरगा मागे वळला ना, तो बापाच्या आवाजाने नाही वळला, माझ्या. त्याच्या डोक्याच्या बरोबर मागे होतो मी.

पुढे तोच आर्च मिसिसिपी स्टेटच्या घरी चौथ्या क्वार्टरमध्ये १७ ने मागे असताना परत आला, ओव्हरटाइममध्ये डोक्याला मार लागून बाहेर जावं लागलं तरी जिंकलो. टेक्सस ए अँड एमची टीम एकही मॅच न हरता इथे आली होती, तिला २७-१७ ने घरी पाठवलं, त्या रात्री मी त्याच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडलो. सीझन ९-३, प्लेऑफ हुकलं, फ्लोरिडाकडे हरायला नको होतं. तरी ग्रुपवर अजून 'फ्लॉप' म्हणतात. मी पण म्हणालोय एकदोनदा. म्हणूनच धागा काढला, नाहीतर मला काय पडलं होतं.

बकआय_बंडू

हाहा, कबूल तरी केलंस. जा, माफ. सप्टेंबरात येतोय मी, सोफ्यावर झोपेन, तिकिटाचं बघ. आणि आर्चने पहिल्याच ड्राइव्हला आमच्या हातात बॉल दिला तर मी जोरात ओरडणार आहे, ते मात्र कौतुकाने.

ऑस्टिनकर_मिरजेचा

ये. वरच्या मजल्याचंच मिळेल, ऊन असतं. टोपी आण, लाल नको.

फ्रिस्कोची_आई

तीन तासांवर आहोत आम्ही, मुलगा मागे लागलाय. दोन जास्तीची मिळतील का बघा. एक त्याच्या मित्रासाठी.